घर दाखविणाऱ्यांची श्रद्धा

व्यापार आणि श्रद्धा यांची सोयरीक भारतीय माणसाला नवी नाही. वहीच्या पहिल्या पानावर 'श्री' काढल्याखेरीज जमाखर्चाला आरंभ होत नाही. दिवाळीत लक्ष्मीबरोबर वह्यांचीही पूजा होते. आणि 'शुभ' व 'लाभ' हे दोन शब्द दुकानाच्या भिंतीवर शेजारी शेजारी नांदतात. मालकाचा देव कोणता, हे गिऱ्हाइकाला गल्ल्यामागच्या तसबिरीवरून कळते. परंतु त्यावाचून त्याचे काही अडत नाही. साखर तीच, वजन तेच, भावही तोच. मग तसबीर कोणाची का असेना! श्रद्धा मालकाची आणि माल गिऱ्हाइकाचा, अशी ही वाटणी शतकानुशतके बिनबोभाट चालत आली.

ही वाटणी मोडली ती आधुनिक जाहिरातीने. जाहिरात वस्तू विकते खरी, पण ती वस्तू दाखविण्यावर थांबत नाही. वस्तू ज्या घरात जाणार ते घरच ती दाखवू लागते. तेल विकायचे तर वाढणारा आईचा हात, चहा विकायचा तर सकाळचे वर्तमानपत्र उघडून बसलेले वडील, दागिना विकायचा तर सासरी निघालेली लेक. एकदा घर दाखविले की त्या घरात कोण राहते, हा प्रश्न ओघानेच येतो. आणि तो आला की मालकाची श्रद्धा तसबिरीतून उतरते व त्या घराच्या उंबरठ्यावर येऊन बसते. कोणी आत यावे आणि कोणी बाहेर राहावे, हे ती ठरवू पाहते. समलिंगी स्त्रीपुरुषांना जाहिरातीतल्या घरात जागा असावी की नसावी, यावर गेल्या काही दशकांत युरोप, अमेरिका आणि भारत येथे जे वाद झाले ते सारे या उंबरठ्यावरचेच आहेत. 'मालक धार्मिक, म्हणून विरोध. मालक उदार, म्हणून स्वागत' असे एक सोपे समीकरण या वादांत गृहीत धरले जाते. वस्तुस्थिती इतकी सोपी नाही. म्हणून हे समीकरण एकदा तपासून पाहणे अवश्य आहे.

इटलीतील पार्मा या नगरात १८७७ साली पिएत्रो बारिल्ला याने एक दुकान काढले. पाव आणि पास्ता हा त्याचा माल. त्या दुकानाची पुढे जगातील सर्वांत मोठ्या पास्ता-उत्पादकांत गणली जाणारी पेढी झाली आणि आज ती घराण्याच्याच मालकीची आहे. १९८५ पासून या पेढीच्या जाहिरातींनी एक वाक्य इटलीभर घुमविले. 'जेथे बारिल्ला, तेथे घर' हा त्याचा आशय. याच पेढीचा 'मुलिनो बियांको', म्हणजे 'पांढरी गिरणी', या नावाचा बिस्किटांचा उद्योग १९७५ साली सुरू झाला. त्याच्या जाहिरातींत शेतांच्या मधोमध एक शुभ्र गिरणी, हसतमुख आईवडील, गोंडस मुले आणि सकाळचे कोवळे ऊन असे एक कुटुंब इतके वारंवार दिसले, की 'मुलिनो बियांकोचे कुटुंब' हा इटालियन भाषेत एक वाक्प्रचारच होऊन बसला. अवास्तव वाटावे इतक्या सुखी घराला आजही तेथे उपरोधाने हे नाव देतात. जाहिरातीने भाषेला वाक्प्रचार द्यावा ही घटना साहित्याच्या अभ्यासकाला नोंद घेण्याजोगी वाटावी.

सप्टेंबर २०१३ मध्ये या पेढीचे अध्यक्ष ग्विदो बारिल्ला यांना नभोवाणीवरील एका कार्यक्रमात प्रश्न आला, की समलिंगी कुटुंब आपण जाहिरातीत का दाखवीत नाही? त्यांनी सांगितले, की असे कुटुंब आपण दाखविणार नाही. आपले कुटुंब परंपरागत आहे आणि त्यात स्त्रीचे स्थान मध्यवर्ती आहे. ज्यांना हे रुचणार नाही त्यांनी दुसऱ्या कोणाचा पास्ता खावा. समलिंगी विवाहाला आपली हरकत नाही, मात्र अशा जोडप्यांनी मूल दत्तक घेणे आपल्याला मान्य नाही, अशीही पुस्ती त्यांनी जोडली. बहिष्काराची हाक देशोदेशी उठली, आणि अल्पावधीतच अध्यक्षांनी क्षमा मागितली.

या प्रसंगात एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. कॅथलिकांच्या देशातील या उद्योगपतीने आपल्या उत्तरात धर्मशास्त्राचा आधार घेतला नव्हता. त्याच वर्षी जुलै महिन्यात पोप फ्रान्सिस ब्राझीलहून परतताना विमानात पत्रकारांशी बोलले होते. सद्भावनेने ईश्वराचा शोध घेणाऱ्या समलिंगी माणसाचा न्याय करणारा मी कोण, असा त्यांच्या बोलण्याचा भाव होता. चर्चचा सिद्धान्त त्यामुळे बदलला नव्हता. पण सूर निश्चितच बदलला होता. म्हणजे धर्मपीठावरचा माणूस मृदू बोलत होता आणि पास्ता विकणारा कठोर. मग ग्विदो बारिल्ला नेमके कशाचे रक्षण करीत होते? त्यांच्या घराण्याने आणि जाहिरातकारांनी अनेक दशके रंगविलेल्या एका चित्राचे, असेच याचे उत्तर द्यावे लागते. पांढऱ्या गिरणीतले ते कुटुंब पावाला गिऱ्हाईक मिळावे म्हणून निर्माण झाले. पुढे ते इतके खरे वाटू लागले, की त्याच्या निर्मात्यालाच त्याच्यापुढे हात जोडावेसे वाटले. मूर्ती घडविणाऱ्याने मूर्तीची पूजा करावी यात काही विपरीत नाही. परंतु आपण ती घडविली आहे याचाच विसर पडणे, ही गोष्ट वेगळी. 'परंपरागत कुटुंब' या शब्दांमागे पुष्कळदा धर्म असतो त्यापेक्षा जाहिरात अधिक असते.

पुढची हकीकत थोडक्यात अशी. पेढीने विविधतेचा विचार करण्यासाठी एक सल्लागार मंडळ नेमले आणि त्यावर समलिंगी हक्कांसाठी लढलेल्या माणसांना घेतले. ज्या अमेरिकन संस्थेच्या मोजपट्टीवर उद्योगांची या बाबतीतली वागणूक जोखली जाते, तिने २०१४ साली या पेढीला शंभरपैकी शंभर गुण दिले. २०१८ साली एका विशेष वेष्टनावर दोन स्त्रिया एकाच शेवईची दोन टोके तोंडात धरून समोरासमोर आल्याचे चित्र छापले गेले. हा हृदयपालट होता की हिशेब, असा प्रश्न कोणीही विचारील, आणि तो विचारणे गैर नाही. तथापि एक गोष्ट मान्य केली पाहिजे. मूळ शब्द एका माणसाचे होते, त्याच्या नावाने उच्चारलेले होते. म्हणूनच ते परत घेता आले, त्यांच्याविषयी वाद घालता आला, आणि बदल घडला असेल तर तोही कोणात घडला, हे सांगता आले.

अमेरिकेतील चिक-फिल-ए या उपाहारगृहांच्या साखळीची कथा याहून निराळी. कारण तेथे श्रद्धा खरोखरच धर्मग्रंथातून आलेली होती. एस. ट्रुएट कॅथी या बाप्टिस्ट गृहस्थाने १९४६ साली जॉर्जिया राज्यात अटलांटाजवळच्या हेपव्हिल येथे एक लहानसे खाणावळवजा उपाहारगृह काढले आणि पहिल्यापासून ते रविवारी बंद ठेवले. आज देशभर पसरलेली त्याची सारी उपाहारगृहे रविवारी बंदच असतात. इतर उपाहारगृहे ज्या दिवशी उत्तम कमाई करतात तो दिवस हा धंदा देवाला देऊन टाकतो. पेढीच्या ध्येयवाक्यात ईश्वराचा महिमा वाढविण्याचा उल्लेख आहे. श्रद्धेपायी पदरचे नुकसान सोसणाऱ्याला दांभिक म्हणता येत नाही, हे त्याच्या विरोधकांनाही नाकारता आले नाही.

जुलै २०१२ मध्ये संस्थापकाचे चिरंजीव डॅन कॅथी यांनी एका बाप्टिस्ट नियतकालिकाशी बोलताना, कुटुंबाच्या बायबलमधील कल्पनेलाच आपला पाठिंबा असल्याचे उघडपणे सांगितले. त्या घराण्याच्या देणग्या समलिंगी विवाहाला विरोध करणाऱ्या संघटनांकडे जातात, हेही तोवर चर्चेत आले होते. एका बाजूने बहिष्कार पुकारला गेला. दुसऱ्या बाजूने १ ऑगस्ट रोजी समर्थकांनी उपाहारगृहांपुढे रांगा लावल्या. कोंबडीचा तुकडा आणि पाव यांचे भोजन हे त्या दिवशी मतदानासारखे झाले.

या पेढीची जाहिरात मात्र मोठी मौजेची आहे. १९९५ पासून तिच्या जाहिरातीत माणसे प्रमुख नसून गायी आहेत! गोमांसाऐवजी कोंबडी खा, अशी विनवणी या गायी वेड्यावाकड्या अक्षरांत आणि अशुद्ध वर्णलेखनात फलक रंगवून करतात. गायीने आपला जीव वाचविण्यासाठी कोंबडीचा बळी सुचवावा, ही कल्पना भारतीय मनाला वेगळ्याच कारणाने गुदगुल्या करील. पण येथे महत्त्वाचे ते एवढेच, की या फलकांवर घर नाही, जेवणाचे टेबल नाही, नवराबायको नाहीत. ज्या पेढीच्या मालकाची कुटुंबाविषयीची श्रद्धा सर्वांत स्पष्ट, तिच्या सर्वांत गाजलेल्या जाहिरातीत कुटुंबच नाही. बारिल्लाला धर्माची गरज पडली नाही, कारण चित्र होते. कॅथींना चित्राची गरज पडली नाही, कारण धर्म होता. मालकाची श्रद्धा जाहिरातीत जशीच्या तशी उमटते, हा समज या दोन उदाहरणांपुढे टिकत नाही.

कॅथी प्रकरणाचा उत्तरार्ध अधिक बोलका आहे. महाविद्यालयांतील समलिंगी विद्यार्थ्यांसाठी काम करणारे शेन विंडमायर हे बहिष्काराच्या चळवळीत पुढे होते. डॅन कॅथी यांनी त्यांना स्वतः दूरध्वनी केला. दोघे अनेकदा भेटले, बोलले. २०१२ च्या अखेरच्या दिवशी पेढीने पुरस्कृत केलेल्या फुटबॉलच्या सामन्याला विंडमायर कॅथींचे पाहुणे म्हणून गेले आणि पुढल्याच महिन्यात त्यांनी या स्नेहाविषयी जाहीरपणे लिहिले. कॅथींनी आपली श्रद्धा सोडली नाही, विंडमायर यांनीही आपले म्हणणे सोडले नाही. तरी दोघांना एकमेकांचा चेहरा दिसला. २०१४ साली कॅथी म्हणाले, की पेढीला या वादात ओढणे ही आपली चूक होती. श्रद्धा मात्र तीच आहे. २०१९ च्या नोव्हेंबरात, टीकेचे लक्ष्य झालेल्या काही ख्रिस्ती संस्थांच्या देणग्या पुढे न देण्याचा निर्णय जाहीर झाला, तेव्हा जुने समर्थक रुष्ट झाले. या साऱ्यातून समेट झाला असे म्हणणे धाडसाचे ठरेल. पण संवाद झाला, हे नि:संशय. आणि तो शक्य झाला, कारण समोर श्रद्धेचा एक धनी उभा होता.

श्रद्धावंत मालकाला न पटणारे काही लिहावयास भाग पाडावे काय, हा प्रश्न येथे टाळता येत नाही. बेलफास्ट येथील अॅशर्स नावाच्या बेकरीत तो उपस्थित झाला. या बेकरीचे नावच मुळी बायबलच्या उत्पत्तिग्रंथातील एका आशीर्वचनावरून घेतलेले. २०१४ साली एका ग्राहकाने समलिंगी विवाहाला पाठिंबा द्या, अशा अर्थाचे वाक्य लिहिलेला केक मागितला. मालकांनी पैसे परत केले आणि केक करण्यास नकार दिला. खालच्या न्यायालयांत ते हरले. पण ऑक्टोबर २०१८ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. ग्राहक कोण आहे हे पाहून नकार देणे एक, आणि मागितलेल्या संदेशाला नकार देणे दुसरे, असा भेद न्यायालयाने केला. हा भेद सूक्ष्म आहे, पण मोलाचा आहे. माणसाला दुकानातून हाकलता येणार नाही. मात्र दुकानदाराच्या हातून त्याला अमान्य असलेले वाक्यही लिहवून घेता येणार नाही. हे न्यायतत्त्व जाहिरातीला लावले, तर कोणते घर दाखवावे हे ठरविण्याचे स्वातंत्र्य बारिल्लाला होते, हे मान्य करावेच लागते. तक्रार त्या स्वातंत्र्याविषयी नाही. 'जेथे आम्ही, तेथे घर' अशी सर्वांना साद घालायची आणि काही घरे घरांत मोजायचीच नाहीत, या विसंगतीविषयी ती आहे.

श्रद्धा असलेल्या मालकांविषयी इतके. ज्यांना या बाबतीत कोणतीच श्रद्धा नाही, त्यांचे काय? स्वीडनच्या आयकिया या फर्निचरच्या पेढीने १९९४ साली अमेरिकेच्या चित्रवाणीवर जेवणाचे टेबल खरेदी करणारे दोन पुरुष दाखविले. मुख्य प्रवाहातील चित्रवाणी-जाहिरातींत असे जोडपे उघडपणे दिसण्याचा अमेरिकेतला हा पहिला प्रसंग मानला जातो. धमक्या आल्या, तरी पेढी मागे हटली नाही. याच पेढीने २०१३ साली रशियातील आपल्या नियतकालिकातून एका स्त्री-जोडप्यावरचा मजकूर काढून टाकला; कारण तेथे त्याच वर्षी समलिंगी संबंधांच्या 'प्रचारा'विरुद्ध कायदा झाला होता. टेबल तेच, पेढी तीच. देश बदलला आणि टेबलाभोवतीची माणसे बदलली. अमेरिकेत हॉलमार्क वाहिनीने २०१९ च्या डिसेंबरात दोन वधूंचे चुंबन दाखविणाऱ्या जाहिराती एका संघटनेच्या तक्रारीवरून थांबविल्या आणि उलट बाजूचा संताप उसळताच दोन-तीन दिवसांत त्या पुन्हा दाखविण्याची तयारी जाहीर केली. इतक्या थोड्या दिवसांत कोणाचीही श्रद्धा दोनदा बदलत नाही. येथे श्रद्धा नव्हतीच. वाऱ्याची दिशा पाहणारा कोंबडा होता.

या पार्श्वभूमीवर भारताकडे वळले म्हणजे प्रश्नाचे रूपच पालटते. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दंडसंहितेच्या कलम ३७७ चा जो अंश प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवीत होता, तो रद्द केला. त्यानंतर तीन वर्षांनी, ऑक्टोबर २०२१ मध्ये, डाबर या पेढीने आपल्या फेम या ब्लीचची जाहिरात करवा चौथच्या निमित्ताने प्रसृत केली. १८८४ साली कलकत्त्यात डॉक्टर बर्मन यांनी सुरू केलेली ही औषधांची पेढी. 'डाक्टर' आणि 'बर्मन' या दोन शब्दांची आद्याक्षरे जुळवून तिचे नाव झालेले. जाहिरातीत एक तरुणी दुसरीच्या चेहऱ्याला ब्लीच लावीत आहे. उपवास कशासाठी करायचा, याविषयी दोघींचे हलकेफुलके बोलणे चालले आहे. घरातली वडीलधारी स्त्री येऊन दोघींना सणाची नवी वस्त्रे देते. आणि रात्री चंद्र उगवल्यावर दोघी चाळणी हाती घेऊन समोरासमोर उभ्या राहतात. दोघींनी उपवास एकमेकींसाठी केला होता, हे तेव्हा उलगडते.

महाराष्ट्रात वटसावित्रीचे जे स्थान, ते उत्तरेत करवा चौथचे. दोन्ही व्रतांची रचना एकच आहे. स्त्री व्रत करते, पुरुषासाठी करते. व्याकरणाच्या भाषेत बोलायचे तर ती कर्त्री आणि तो संप्रदान. 'पतीसाठी' ही विभक्तीही चतुर्थीच, हा एक गमतीचा योगायोग. या जाहिरातीने व्रताची चेष्टा केली नाही, ते मोडले नाही, त्यातला एकही उपचार गाळला नाही. दोघींपैकी प्रत्येक कर्त्रीही झाली आणि संप्रदानही. व्रत उणे झाले नाही, दुप्पट झाले. खरे पाहता त्या वर्षीच्या जाहिरातींत याहून श्रद्धाळू जाहिरात शोधून सापडली नसती. परंतु धर्मविधीचे व्याकरण किती घट्ट असते ते येथेच दिसले.

याच वर्षाच्या एप्रिलमध्ये केरळातील भीमा या जुन्या सराफी पेढीची जाहिरात आली होती. तिच्यात मुलगा म्हणून वाढलेली एक व्यक्ती आईवडिलांच्या मायेने आणि त्यांनी दिलेल्या दागिन्यांच्या साथीने टप्प्याटप्प्याने स्त्री होत जाते आणि शेवटी वधूवेषात उभी राहते. या जाहिरातीचे पुष्कळ कौतुक झाले आणि ती मागे घ्यावी लागली नाही. दोन्ही जाहिरातींत घर होते, संस्कार होते, वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद होता. फरक एवढाच, की पहिलीत वधूची जागा वधूचीच राहिली, फक्त तेथवर पोहोचण्याची वाट निराळी होती. दुसरीत वराच्या जागी वधू आली. माणूस बदलला तर समाज कधी कधी सोसतो. जागांची रचना बदलली तर सोसत नाही.

मध्य प्रदेशचे तत्कालीन गृहमंत्री नरोत्तम मिश्रा यांनी जाहिरात मागे घेतली नाही तर कायदेशीर कारवाई करू, असे २५ ऑक्टोबर रोजी सांगितले. त्याच दिवशी पेढीने जाहिरात मागे घेतली आणि अनवधानाने लोकांच्या भावना दुखावल्याबद्दल बिनशर्त क्षमा मागितली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, सर्वोच्च न्यायालयाचे तेव्हाचे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी वाराणसीच्या एका कार्यक्रमात या घटनेचा उल्लेख केला आणि ही जाहिरात लोकांच्या असहिष्णुतेमुळे मागे घ्यावी लागली, असे स्पष्ट शब्दांत सांगितले.

या संपूर्ण प्रकरणात मालकांची श्रद्धा काय, हा प्रश्न कोणी विचारला नाही आणि कोणी त्याचे उत्तरही दिले नाही. पार्मात एक माणूस म्हणाला, 'मला हे मान्य नाही'. जॉर्जियात एक माणूस म्हणाला, 'माझा धर्मग्रंथ असे सांगतो'. येथे कोणीच 'मी' म्हटले नाही. जाहिरात दाखविली ती पेढीने. मागे घेतली ती 'भावनां'साठी. भावना हा शब्द भारतीय सार्वजनिक जीवनात नेहमी अनेकवचनी येतो आणि त्याला षष्ठीचा प्रत्यय लागतो तो 'लोक' या निराकार नामाला. अशा भावनेशी वाद घालता येत नाही, तिला दूरध्वनी करता येत नाही, तिला सामन्याला बोलावता येत नाही. तिची फक्त भीती बाळगता येते. मालकाच्या श्रद्धेपेक्षा ही बेनामी श्रद्धा अधिक कठोर ठरते, कारण तिचा धनीच सापडत नाही. २०२० च्या ऑक्टोबरात तनिष्कने मुसलमान सासरी हिंदू सुनेचे डोहाळजेवण दाखविणारी जाहिरात मागे घेतली तेव्हाही याच बेनामी धन्याचा हुकूम मानला गेला होता.

साहित्याच्या अभ्यासकाला या ठिकाणी आणखी दोन प्रसंगांची आठवण व्हावी. इस्मत चुगताई यांची 'लिहाफ' ही कथा १९४२ साली प्रसिद्ध झाली आणि अश्लीलतेच्या आरोपावरून त्यांना लाहोरच्या न्यायालयात उभे राहावे लागले. क्षमा मागून मोकळे व्हा, असा सल्ला देणारे हितचिंतक पुष्कळ होते. त्यांनी क्षमा मागितली नाही. कथेतला अश्लील शब्द दाखवून देणे साक्षीदारांना जमले नाही आणि खटला निकालात निघाला. दुसरा प्रसंग दीपा मेहता यांच्या 'फायर' या चित्रपटाचा. त्यातही एका घरातल्या दोन जावा आहेत आणि त्यातही करवा चौथचा प्रसंग आहे. डिसेंबर १९९८ मध्ये मुंबईतील चित्रपटगृहांवर हल्ले झाले, दिल्लीतही खेळ बंद पाडले गेले. चित्रपट पुन्हा परिनिरीक्षणाकडे धाडण्यात आला. परंतु दिग्दर्शिकेने तो मागे घेतला नाही, उलट समविचारी कलावंतांसह सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले, आणि १९९९ मध्ये तो काटछाट न होता पुन्हा प्रदर्शित झाला.

तेच व्रत, त्याच दोन स्त्रिया, तोच रोष. तेवीस वर्षांत कायदा समलिंगी प्रेमाच्या बाजूला आला होता. तरी १९९८ चे चित्र टिकले आणि २०२१ चे चित्र एका दिवसात पुसले गेले. याचे कारण धैर्याच्या कमीअधिकपणात शोधले जाते. पण मूळ कारण कर्तृत्वाच्या स्वरूपात आहे. कथेला लेखक असतो, चित्रपटाला दिग्दर्शक असतो. कृती त्याच्या नावावर असते, म्हणून तिच्यासाठी उभे राहणे त्याला भाग पडते. जाहिरातीला असा कर्ता नसतो. तिची कल्पना एकाची, चित्रण दुसऱ्याचे, पैसा तिसऱ्याचा आणि नाव वस्तूचे. ज्या चित्राला पिता नाही त्याला संकटात वारसही नसतो.

या विवेचनावर एक आक्षेप येईल, आणि तो उचित आहे. व्यापाराकडून प्रतिष्ठा मागावीच का? समलिंगी माणसांना जाहिरातीत जागा मिळते ती त्यांच्याही खिशात पैसा असतो म्हणून. डाबरच्या जाहिरातीतील दोघींना चंद्रदर्शनाला उभे राहण्यापूर्वी चेहरा उजळून घ्यावा लागलाच होता. पतीच्या आयुष्यासाठी उपाशी राहण्याचे व्रत, आणि गोऱ्या रंगाचा हव्यास, ही दोन जुनी ओझी त्यांच्या डोक्यावर ठेवूनच त्यांना आत घेतले गेले. तेव्हा स्त्रीमुक्तीच्या बाजूनेही त्या जाहिरातीवर टीका झाली, ती अस्थानी नव्हती.

हा आक्षेप मान्य करूनही काही उरते. भारतीय भाषांतल्या साहित्याने हे जीवन पूर्वीच दाखविले आहे. मराठीत विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' १९८१ साली रंगभूमीवर आले; सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' २००६ साली प्रसिद्ध झाली. पण पुस्तक एकटा माणूस दार लावून वाचतो आणि नाटकाला तो स्वतः निवडून जातो. जाहिरात न बोलावता येते. रात्रीच्या जेवणाच्या वेळी, आई, वडील, आजी, धाकटी भावंडे सगळी एकत्र बसलेली असताना ती समोर उभी राहते. ज्या मुलीला आपल्या मनातले घरात सांगण्याचे धैर्य होत नाही, तिच्यासाठी ते अर्धे मिनिट दुसरे कोणी तरी बोलून जाते. आणि घरातली वडीलधारी स्त्री दोघींना सारखीच वस्त्रे देते हे तिच्या आजीलाही दिसते. साहित्य जे सखोलपणे करते ते जाहिरात उथळपणे करते; पण करते ती सर्वांच्या देखत. म्हणून असे चित्र पुसले जाते तेव्हा पेढीची फक्त एक मोहीम वाया जाते. त्या मुलीच्या घरात मात्र, हे बोलण्यासारखे नव्हते, असा निकाल लागतो.

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता देण्यास नकार दिला आणि तो विषय संसदेवर सोपविला. त्या निकालाच्या घटनापीठाचे अध्यक्षही तेव्हा सरन्यायाधीश झालेले चंद्रचूडच होते. स्वतः त्यांचे मत काही बाबतीत अल्पमतात गेले. अर्थात चाळणीतून एकमेकींकडे पाहणाऱ्या त्या दोघींचे नाते कायद्याच्या वहीत अद्याप विवाह म्हणून लिहिलेले नाही. जे कायद्याने दिले नाही ते जाहिरातीने क्षणभर दाखविले होते, आणि तेच तिने परत घेतले.

मालकाने श्रद्धा सोडावी, अशी अपेक्षा कोणी करू नये. श्रद्धावंताला श्रद्धेने जगू द्यावे; त्याने न मानलेले घर त्याच्या हातून रंगवून घेऊ नये. परंतु त्याने नकार स्वतःच्या नावाने द्यावा, जसा कॅथींनी दिला. आणि ज्याने घर दाखविले त्याने ते आपल्या नावाने दाखवून त्याच्या दारात उभे राहावे, जशा चुगताई आपल्या कथेपाशी उभ्या राहिल्या. दोन्ही नावे समोर असली म्हणजे भांडता येते, बोलता येते, कदाचित बदलताही येते. नाव नसलेल्या भावनेच्या स्वाधीन घर केले, की त्यातून कोणाला केव्हा बाहेर काढले जाईल याचा भरवसा उरत नाही.

२०२१ च्या त्या क्षमापत्रात 'लोकांच्या भावना' असे शब्द होते. ती जाहिरात पाहून ज्यांना प्रथमच आपले घर दिसल्यासारखे वाटले होते, त्यांचीही गणना त्या 'लोकां'त होती की नव्हती, हे त्या पत्राने सांगितले नाही. आणि विचारणाऱ्यानेही कोणाला विचारावे, हे त्यात लिहिलेले नव्हते.